पाखरीच्या पाठीवरचं पाणी

पहाटे पावणेपाच. गजर आम्ही लावत नाही. पाखरी गव्हाणीच्या फळीवर खूर आपटते आणि घर उठतं. घर म्हणजे अजून दोनच खोल्या, वर पत्रा, पुढं ताडपत्रीचा आडोसा. फेब्रुवारीतली पहाट पुरंदरच्या माळावर चांगलीच बोचते. मी शाल गुंडाळून बॅटरी घेते आणि चुलीकडे जायच्या आधी घोड्यांकडे जाते.

पाखरी, म्हातारी ढवळी आणि पाखरीचं आठ महिन्यांचं शिंगरू, अशी तीन तोंडं. आधी रात्रीची लीद बघायची. धडधाकट घोडी दिवसरात्रीत आठ-दहा वेळा लीद टाकते. ढीग कमी दिसले किंवा लेंडकं कोरडी, बारीक पडली, तर माझ्या पोटात गोळा येतो. घोड्याला उलटी होत नाही. आत अडकलं ते वरून बाहेर पडायची सोयच त्याच्या देहात नाही, म्हणून पोटशूळ उठला की घोडं हातचं जाऊ शकतं. मी बरगडीच्या मागं कान लावते. आत गुरगुर चालू असली की दिवस सुरू करायला हरकत नाही. पोट मुकं असेल तर पहिला फोन डॉक्टरांना.

आधी कडबा, मग चंदी. भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा आणि मूठभर मीठ तोबऱ्यात भरून तोबरा तोंडाला बांधायचा. गव्हाणीत ओतलं तर ढवळीच्या वाट्याचंही पाखरी खाते. ढवळीचे दात झिजलेत, तिला वेळ लागतो.

साडेपाच. ह्यांनी शेळ्यांची कुडं उघडली. बावीस शेळ्या, त्यातल्या नऊ दुधात. करडं रात्री वेगळी ठेवतो, नाहीतर सकाळी धारेला काही उरत नाही. धार काढायच्या आधी कास कोमट पाण्यानं धुवायची आणि पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर घ्यायच्या. फडक्यावर दह्यासारखे कण दिसले तर दगडी लागायची चिन्हं. ती शेळी शेवटी पिळायची आणि तिचं दूध घरात आणायचं नाही. हे फडकं घरातल्या थोरल्या आत्याबाईंनी सुरू केलं. त्यांच्या माहेरी म्हशींना असंच बघत. डॉक्टरही तपासायला हेच सांगतात.

पोटभर पिऊन करडं उड्या मारायला लागली की उरलेलं सहा-सात लिटर दूध आमचं. घराला लागतं तेवढं ठेवून बाकीचं गावात रतिबाला जातं. शेळीच्या दुधाला वास येतो म्हणणाऱ्यांनी बोकड कुठं बांधलाय ते आधी विचारावं. आमचा बोकड वाऱ्याच्या उलट अंगाला, शंभर पावलं लांब असतो.

सव्वासहा. आता पाण्याच्या खेपा. आमची अडीच एकर, त्यातली खालची पाऊण एकर काळी आणि वरचा सगळा मुरमाड माळ. भाऊबंदांच्या सामाईक विहिरीवर आमची पाळी बुधवारी आणि शनिवारी. मोटर चालते ती खालच्या लसूणघासापर्यंत आणि तिथल्या दोन हजार लिटरच्या टाकीपर्यंत. टाकीपासून घर तीनशे मीटर चढावर आहे, तिथवर पाइप अजून पोचलेला नाही. पाइप टाकायचा की पागा बांधायची, असा प्रश्न दिवाळीत पडला होता. पावसाळा थांबत नाही, पाइपला थांबता येतं, म्हणून पागा आधी.

जनावरं पाणी प्यायला खाली जातात. पण घराला, नुकत्याच व्यालेल्या शेळ्यांना आणि पागेच्या भिंतीला मिळून रोजचं तीनशे लिटर वर आणावंच लागतं. पाखरीच्या पाठीवर पालाण, दोन्ही बाजूंना पंचवीस पंचवीस लिटरची कॅन. अशा सहा खेपा. पाखरीचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त तिच्यावर लादायचं नाही, हा घरातल्या वडीलधाऱ्या आबांचा कायदा. कॅन अन् पालाण धरून हिशेब बरोब्बर तिथंच येतो. वर कुणी गवताची पेंढी ठेवली तरी आबा उतरवायला लावतात.

पहिल्या दोन खेपा थोरली करते. आठवीत आहे. शनिवारची शाळा सकाळची, म्हणून आज तिची घाई चालली होती. तरी निघण्याआधी तिनं पालाणाखालची घोंगडी हातानं चाचपून बघितली. घडी पडली की तासाभरात पाठ सोलवटते, हे तिला सांगावं लागत नाही.

सात. पोरं शाळेत गेली. चहा झाला.

लोक विचारतात, शेळ्या समजल्या, पण घोडी कशाला? याचं उत्तर मला नीट द्यायचं आहे. चिंचवडची भाड्याची खोली सोडून पाच वर्षांपूर्वी आम्ही इथं आलो तेव्हा माळावर ना झाड ना वाट. ट्रॅक्टरची ट्रॉली त्या चढाला लागत नाही. दगड, कडबा, पाणी माणसांनी डोक्यावरून वाहायचं, किंवा एखादं जनावर ठेवायचं. दर दिवाळीनंतर धनगरांचे वाडे आमच्या शिवारातून कोकणाकडं उतरतात. आम्ही दोन-चार रात्री त्यांच्या मेंढ्या रानात बसवतो. रानाला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. त्यांच्या घोड्या बघाव्यात. पाठीवर भांडी, अंथरूण, तान्ही कोकरं, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि मागं शिंगरू सुटंच चालत असतं. पाय आखूड पण पोलादी, आणि खाणं जे मिळेल ते. तीन हंगामांची ओळख झाल्यावर एका आजींनी पाखरी आम्हाला दिली. व्यवहार झाला तो झालाच, पण निघताना त्या पाखरीच्या गळ्याशी बराच वेळ उभ्या होत्या.

ह्याच त्या भीमथडी घोड्या. भीमेच्या काठावरून आलेलं नाव, मराठ्यांच्या फौजेनं ज्यांच्या पाठीवर मुलूख तुडवला ती तट्टं. 2023 साली 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं, त्यातही त्यांचं नाव आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, ती मात्र अगदी अलीकडं. गाणं म्हणताना ऊर भरून येतो, पण घोडी राखली ती धनगरांनी. शिंगरू आम्ही विकायचं नाही असं ठरवलंय, ते ही जात राखली जावी म्हणून.

आठ. गवंडीकाका आले. आठवड्यातून तीन दिवस येतात, बाकीचे दिवस हे आणि मी दगड गोळा करून, फोडून ठेवतो. पागेचं जोतं झालं, पश्चिमेची भिंत चालू आहे. मातीतलं बांधकाम, बाहेरून दर्जा सिमेंटच्या. आज तीन थर चढवायचे.

पश्चिमेची भिंत आधी का, याला कारण आहे. पहिल्या वर्षी शेळ्यांचा गोठा आम्ही घाईनं उभारला आणि उघडी बाजू पश्चिमेला ठेवली. दृश्य सुंदर दिसायचं. जूनमध्ये पाऊस तिकडूनच आडवा आला, खालची जमीन चिखल झाली आणि बारा दिवसांत चार करडं न्यूमोनियानं गेली. पाचवं मी चुलीपाशी मांडीवर घेऊन बसले होते, ते जगलं. तीच आता कळपात पुढं चालणारी काळी. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम हवी, पावसाच्या अंगाला भिंत हवी, तळ उंच हवा, आणि दर शेळीमागं छपराखाली दहा चौरस फूट, बाहेर वीस. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं होतं. आम्ही आधी शेळ्या आणल्या आणि मग पुस्तक वाचलं. दुसऱ्या कुणी असं करू नये, एवढ्यासाठी लिहिते आहे.

पागेत दर घोडीला बारा बाय बारा फूट. तळाला फरशी नाही, कोबा नाही. घासून गुळगुळीत झालेल्या कोब्यावर घोडं घसरलं तर मोडलेला पाय सहसा जुळत नाही. मुरूम धुमसून, मुताला वाट राहील असा उतार देणार आहोत.

साडेनऊ. दव वाळलं. आबा शेळ्या घेऊन निघाले. दवाच्या गवतावर शेळी सोडायची नाही, कारण जंतांची बारीक पोरं ओल्या पात्याच्या शेंड्यावर चढून बसलेली असतात. त्यावर आबांची आणखी एक युक्ती आहे. आदल्या पंधरवड्यात ज्या तुकड्यात शेळ्या चरल्या, तिथं आता घोड्या. शेळीच्या पोटातला बहुतेक जंत घोडीच्या पोटात तग धरत नाही, आणि घोडीचा शेळीच्या. घोडी गवत दातानं मुळापाशी कुरतडते. शेळीला मान वर करून बोरीचा, बाभळीचा पाला ओरबाडायचा असतो. एकाच रानात दोघींचं ताट वेगळं आहे.

निघताना आबा एकेकीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघतात. आतून लाल-गुलाबी असली तर ठीक. पांढरी फटक दिसली तर जंतांनी रक्त शोषलंय, तिला त्याच दिवशी औषध. सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजायचं आम्ही सोडलं, तेव्हापासून औषध लागूही चांगलं पडतं.

अकरा. नालबंद आला. दर सहा-सात आठवड्यांनी येतो. आता या भागात त्याच्यासारखे मोजकेच उरलेत. जेजुरीच्या यात्रांना आणि लग्नाच्या घोड्यांना त्याचीच धावाधाव.

त्यानं पाखरीच्या पुढच्या पायावरून वरून खाली हात फिरवला आणि घोट्यामागं जरा दाबलं. तिनं आपणहून पाय दिला. पाय त्यानं दोन गुडघ्यांत धरला, जुनी नाल उपसली, आकड्यानं तळातली घाण काढली आणि वास घेतला. कुजका वास आला तर आत सड असते. आज तो आला नाही. मग वाढलेलं खूर चाकूनं सोललं, कानस मारली. महिन्याला साधारण पाऊण-एक सेंटिमीटर खूर वाढतं, म्हणजे दोन महिन्यांत पायाची ठेवणच बदलते. नवी नाल लावली आणि खिळा ठोकायला सुरुवात केली तसं आम्ही सगळे गप्प झालो. खिळा खुराच्या बाहेरच्या निर्जीव कडेतून तिरपा वर यायला हवा. आवाज टणटणीत आला की बरोबर. बद्द आवाज आला तर खिळा मऊ भागाकडं वळलाय, लगेच उपसायचा. तिसऱ्या खिळ्याला आवाज बदलला. त्यानं हातोडी थांबवली, खिळा काढला, निरखून पाहिला, दुसरा घेतला. पाखरीनं कानसुद्धा हलवला नाही. एवढ्या कसबाला जे पैसे मिळतात ते मला दर वेळी कमी वाटतात.

ढवळीला नाल नाही. ती आता ओझं वाहत नाही, तिची नुसती खुरं छाटली.

एक. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा. पोरं आली, जेवली.

पावणेदोन. गाभण शेळी पवळी वेगळी जाऊन उभी राहिली. तिचे दिवस भरलेच होते. शेळी फळल्यापासून दीडशे दिवस धरायचे, चार-पाच मागंपुढं. शेपटीच्या दोन्ही बाजूंच्या शिरा सकाळीच ढिल्या लागल्या होत्या, म्हणून आबांनी तिला रानात नेलं नव्हतं. खाली कोरडं काड टाकलं. पाऊण तास कळा देऊन नाक दिसलं, नाकाखाली एक खूर दिसलं, आणि पुढं काही सरकेना.

दोन खुरं आणि त्यावर नाक, असं करडू यायला हवं. एकच खूर म्हणजे दुसरा पाय आत मागं दुमडलेला. डॉक्टरांना फोन केला, ते लांबच्या गावात होते, तासाभरात पोचतो म्हणाले. तेवढा वेळ नव्हता. जीभ निळसर व्हायला लागली होती. त्यांनीच फोनवर सांगितलं, काय करायचं ते.

माझा हात जाईना. थोरलीनं कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, नखं कालच कापलेली होती, गोडेतेल लावलं. कळ ओसरली की डोकं हलकेच आत ढकलायचं आणि कळ आली की थांबायचं. आत गेलेल्या तिच्या हाताकडं मी बघत नव्हते, तिच्या तोंडाकडं बघत होते. डोळे मिटलेले, ओठ दाबलेले. "सापडला गं आई. गुडघा आहे." खूर मुठीत झाक, म्हटलं, आतली पिशवी फाटायला नको. तिनं खूर तळहातात झाकून घेतलं आणि पाय पुढं ओढला. पुढच्या कळेला मी दोन्ही पाय धरून खाली, शेळीच्या खुरांकडं ओढ दिली आणि करडू सळकन काडावर आलं.

हलेना. नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, काडीनं नाकात गुदगुली केली, पाठ फडक्यानं खसाखसा चोळली. शिंक आली. पंधरा मिनिटांनी दुसरं आलं, ते आपलं आपण. पाट आणि बोकड, जोडी.

नाळ दोन बोटं ठेवून कापली, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवली. पवळीच्या सडांची बुचं काढून दोन धारा सोडल्या आणि तासाच्या आत दोघांना चीक पाजला. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायचं जवळजवळ काहीच नसतं, ते या पिवळ्या चिकातून येतं, आणि ते पचवायची ताकदही पहिल्या काही तासांतच असते. अडीच किलोच्या करडाला पहिल्या दिवसात पाव लिटर तरी गेला पाहिजे. पवळीला गूळपाणी दिलं. डॉक्टर आले, तपासून इंजेक्शन दिलं, आणि थोरलीला म्हणाले, "ताई, हे काम चांगलं केलंत." तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

साडेचार. कडब्याची गाडी आली. आठशे पेंढ्या, यंदाच्या शाळूच्या. उतरवताना प्रत्येक पेंढी सोडून नाही, पण दहात एक तरी मधून फोडून बघतो. आत काळी बुरशी असली तर ती पेंढी घोडीकडं जायची नाही. आज अकरा निघाल्या, परत दिल्या. गाडीवाला जरा नाराज झाला. शेवटच्या चार खेपा पाण्याच्या मी पेंढ्या रचून झाल्यावर केल्या.

साडेपाच. धाकट्याचं काम. एका फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून तो बांधकामाभोवती फेऱ्या मारतो. खिळे, तारांचे तुकडे, नालबंदाचे मोडके खिळे. आज सतरा मिळाले. ते तो डब्यात टाकतो आणि आकडा भिंतीवर कोळशानं लिहितो. धनुर्वाताचे जंतू लिदीत आणि मातीत असतातच. खुरात खिळा घुसला की त्यांना घर मिळतं, आणि घोड्याइतकं धनुर्वाताला हळवं दुसरं पाळीव जनावर नाही. लस टोचलेली आहे. तरी बांधकाम आणि जनावरं एका जागी असतील तर हे चुंबक रोज फिरलंच पाहिजे. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचे दोरेही तो वेचतो, कारण शेळ्या चघळतात.

साडेसहा. शेळ्या आत. आत्याबाई दारात उभ्या राहून मोजतात, आकडा मोठ्यानं म्हणत. गेल्या पावसाळ्यात लांडग्यानं वईतून एक पाट नेली. या माळांवर लांडगे आधीपासून आहेत, आम्ही नंतर आलो. तेव्हापासून वईच्या आतून जाळी लावली आणि दार तिन्हीसांजेला बंद म्हणजे बंद.

आठ. वही. गेल्या वर्षी एकोणतीस करडं झाली, तीन गेली, सतरा विकली. तो पैसा, दुधाचा रतीब आणि लेंडीखत यावर घर, कडबा, औषधं आणि घोड्यांची चंदी निघाली. बांधकामाला उरलं ते फार थोडं. ह्यांच्या कंपनीतल्या नोकरीच्या पैशातला शेवटचा तुकडा या भिंतीत जातोय. शेळीपालनाच्या ज्या अहवालांत पहिल्याच वर्षी नफा दाखवतात, त्यांत मेलेल्या करडांची ओळ नसते आणि पाणी वाहण्याची मजुरी नसते. आमच्या वहीत या दोन्ही ओळी आहेत.

म्हणून कुणी शहरातून असं काही करायला निघालं असेल, तर माझं हात जोडून एक सांगणं आहे. आधी एक अख्खा उन्हाळा त्या जागेवर काढा. पाणी बघा. शेवरी, हादगा, दशरथ गवत लावा आणि ते जगतंय का बघा. मग गोठा, मग पाच शेळ्या. घोडी अगदी शेवटी, आणि तीही तिला काम असेल तरच.

साडेनऊ. शेवटची फेरी. पवळीची वार पडली, ती उचलून खोल पुरली. दोन्ही करडं तिच्या कुशीत. पाखरी एक पाय ढिला सोडून उभ्यानं डुलकी घेत होती. कान लावला, गुरगुर होती. भिंतीचे दोनच थर झाले.

या आठवड्यात मोटरची थ्री फेज वीज रात्रीची आहे. दहाला लाइट आली तसे हे बॅटरी घेऊन विहिरीवर गेले. पाळी आमची आहे, टाकी भरायला दीड तास लागेल.